तिच्या क्रीम रंगाचे सहा पॅनल

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. शुक्रवारची संध्याकाळ होती. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून ती परात दोघांच्या मधे घेऊन बसली, मी समोर. एरवी वाल सोलताना ती बोलायची आणि मी गप्प असायचो. त्या दिवशी मीच विषय काढला.

"उद्या येणार का तो?"

"तो कोण? साहेब म्हणा."

"तुझा साहेब. माझा नाही आता."

"येणार. दहाला. आलं संपलंय, सकाळी आणून ठेवा."

"दर शनिवारी आपल्या घरात काय काम असतं गं त्याचं?"

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "अहो, सदुसष्ट वर्षांची बाई मी. जिना चढताना चार वेळा थांबते. माझ्यावर कोण भाळणार? बोटं चालवा, आणि मोड तोडू नका."

मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं.

शनिवारी सकाळी ती मोरीतून बाहेर आली, "जरा बसते" म्हणाली, आणि बसली ती उठलीच नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, नाक्यावरचा डॉक्टर आणला. डॉक्टरने डोळे बघितले आणि रिक्षा परत पाठवायला सांगितली. बरोबर दहाला साहेब आला. हातात पिशवी, पिशवीत रंगाचे दोन छोटे डबे. दारातल्या चपलांचा ढीग बघून त्याला समजलं. डबे त्याने जिन्यातच ठेवले.

त्याने खांदा दिला. स्मशानात तो माझ्यापेक्षा जास्त रडला. लोकांनी आधी त्याला पाणी दिलं, मग मला. बायको जळत होती आणि मी हे बघत होतो. मी असाच आहे, लपवून काय करू.

साहेब म्हणजे आमच्या रंगाच्या कंपनीतला केमिस्ट. वयाने माझ्या मुलीएवढा, फार तर चार वर्षं मोठा असेल. कंपनी लहानशीच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, वर सिमेंटचे पत्रे. घराच्या दाराखिडक्यांना मारायचा ऑइल पेंट तिथे व्हायचा. मी चौथी शिकलेला. गोणी फोडून पूड रंग दळायच्या मिलमध्ये ओतायची, हे माझं काम, आणि माझी खोली पिवळ्याची. पिवळा क्रोमचा. त्यात शिसं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण तसा पिवळा दुसऱ्या कशाने येत नव्हता. माझ्या भुवया पिवळ्या, बनियन पिवळं, रुमाल पिवळा. सुटी झाल्यावर लांबून लोक ओळखायचे. पोटात कळा यायच्या, बोटांना मुंग्या यायच्या, तरी मला त्या पिवळ्याचा गर्व होता. ती माझे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि शिव्या घालायची. मला नाही, पिवळ्याला.

ती कल्याणजवळच्या मोहन्याची, सातवी पास. आमच्याच कंपनीत डब्यांना लेबलं चिकटवायची.

मग कायदा आला. घराला लावायच्या रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद, त्याच्या वर चालणार नाही. नव्वद म्हणजे नाहीच म्हणा. पिवळी खोली धुऊन कुलूप घातलं, आणि मला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. ती म्हणाली, "सुटलात." मला राग आला. माझी खोली गेली आणि हिला आनंद.

बिनशिशाचा पिवळा आला तो महाग आणि अंगाने पातळ, खालचं झाकत नाही. सगळे रंग पुन्हा नव्याने बसवावे लागले. जास्त वांधा क्रीमचा. क्रीममध्ये पिवळा चिमूटभरच लागतो, पण ती चिमूट इकडची तिकडे झाली की दार आजारी दिसतं. साहेबाकडे रंग तपासायचं मशीन होतं. मशीन म्हणालं, बरोबर आहे. ही लेबल लावता लावता म्हणाली, "साहेब, हा कालचा नाही. ट्यूबखाली सारखा दिसतो. दारात नेऊन बघा." साहेबाने दारात नेला. कालचा नव्हताच. त्या दिवशी तिचं लेबल सुटलं, ती लॅबमध्ये गेली.

मी तीस वर्षं रंगात बुडालेलो आणि डोळा निघाला तिला. मला दोन्ही क्रीम सारखेच दिसायचे. ती समजावायची, "हा बघा, ह्यात हिरवट झाक आहे." कसली झाक? मी हो म्हणायचो.

गेटवरून लॅबची खिडकी दिसायची. खिडकीत ते दोघं उभे असायचे, हातात पॅनल. पॅनल म्हणजे पंजाएवढा पत्र्याचा तुकडा, रंग मारून वाळवलेला. ती तो उजेडात तिरका धरायची, साहेब मान वाकवून बघायचा, मग ती काहीतरी बोलून हसायची. घरी अशी कधी हसली ते मी आठवत बसायचो, आणि तेवढ्यात गाडी निघून जायची, नंबर राहायचा. मला हेवा तिच्या डोळ्याचा होता की त्याच्या शेजारी उभं राहण्याचा, अजून सांगता येत नाही. दोन्हीचा असेल.

पुढे आम्ही दोघंही घरी बसलो. तिचे गुडघे गेले. पण साहेब काही सुटला नाही. तिला तिकडे जमेना, तर तो दर शनिवारी इकडे यायला लागला, नवे नमुने घेऊन. आमची गॅलरी उत्तरेला आहे. म्हणे असा उजेड आख्ख्या एमआयडीसीत नाही. घर मी घेतलेलं, उजेड ह्यांच्या कामाचा. दोघं गॅलरीत उभे आणि मी आत ओट्याशी.

"अहो, चहा टाका ना."

"काका, तुम्ही कशाला त्रास घेता, बसा."

मला काका आणि तिला बाई. माझ्याच घरात मला बसायला सांगायचा. मी पेपर घेऊन बसायचो, गॅलरीकडे पाठ करून.

तिचे कपडे मुलीने कळव्याला नेले, वाटायचे होते. तिची औषधं मी टाकून दिली. कपाटावर सहा पॅनल होते, तिने स्वतः मारलेले, पाठीवर मार्करने तिचं बारीक अक्षर. ते मी जुन्या चादरीत गुंडाळले आणि पलंगाखालच्या लोखंडी पेटीत खाली दाबून ठेवले. कशासाठी, ते मला ठेवतानाच माहीत होतं. तो मागायला येईल आणि मी देणार नाही.

तीन महिन्यांनी तो आला. शनिवार नव्हता. संध्याकाळची वेळ, घामाघूम. पाणी पिऊन खुर्चीच्या कडेला बसला.

"काका, बाईंचे क्रीमचे पॅनल आहेत ना घरी?"

"का?"

त्याने सांगितलं ते असं. चीनच्या टायटॅनियमवर सरकारने ड्युटी लावली. टायटॅनियम म्हणजे पांढरी पूड, रंगाचं पीठ म्हणा. आपल्याकडच्या कारखान्यांना सांभाळायला लावली असेल, पण आमच्या कंपनीला ती पूड परवडेना. दुसरीकडून आणली, ती निळसर. क्रीम पुन्हा हलला. आणि नेमका आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाने बाईंचाच क्रीम पास केलेला, कंटेनर भरायचा आहे.

"मग मशीन आहे की तुमच्याकडे."

"बाईंना दिसायचं ते मशीनला दिसत नाही, काका. आणि लॅबमधला पॅनल शिशाच्या टेस्टला पाठवलेला. तिकडेही शिशाचा कायदा आहे, सर्टिफिकेट लागतं. टेस्टवाल्यांनी रंग खरवडून काढला, पत्रा परत दिला. एक पॅनल गिऱ्हाइकाकडे आहे, तो काही परत मिळणार नाही. आता राहिले तुमच्याकडचे."

"भंगारात दिले," मी म्हणालो.

त्याने रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "कंटेनर परत आला तर मालक पॅकिंग बंद करेल. बाई लेबलं लावायच्या त्याच जागेवरच्या बायका आहेत त्या." आणि खाली बघत, "मी चौदा वेळा बनवला, काका. मला जमत नाहीये."

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला जमत नाही. माझ्या बायकोशिवाय त्याचंही अडलेलं. त्या बायकांची दया नंतर आली. आधी मला त्याला दाखवायचं होतं की तुझ्याकडे नाही ते माझ्याकडे आहे. म्हणून उठलो, पेटी ओढली, चादर सोडून सहाही पॅनल त्याच्या पुढ्यात टाकले.

"हे घे तुझ्या बाईंचे."

त्याने एक उचलला, खिडकीशी नेला. दुसरा नेला. दोन्ही उलटसुलट करून बघत राहिला. मी जाऊन बघितलं. क्रीम कुठला, जुन्या दातासारखा पिवळट रंग. ज्याला आयुष्यभर झाक दिसली नाही त्या मलासुद्धा दिसलं.

"कुठे ठेवलेले?"

"पेटीत."

"अंधारात ठेवलं की तेलाचा रंग पिवळा पडतो, काका."

मी पलंगावर बसलो. त्याला द्यायचे नव्हते म्हणून ठेवले, आणि मी तिच्याच हातचे घालवले. तोंडातून एवढंच आलं, "गेलं का रे सगळं?"

पहिल्यांदाच त्याला रे म्हणालो असेन. तो खाली फरशीवर बसला. "नाही जात. उजेड लागला की पिवळेपण उतरतं. दोन-चार दिवस, फार तर आठवडा. बाई म्हणून तर रोज सकाळी कपडे वाळत घालताना पॅनल बाहेर मांडायच्या आणि उन्हं चढली की आत घ्यायच्या. तुम्हाला माहीतच असेल."

"माहीत आहे," मी म्हणालो.

माहीत नव्हतं. माझ्या घरात रोज होणारी गोष्ट मला त्याच्याकडून समजली. पुन्हा तोच हेवा. पण ह्या वेळी त्याला हाकलावंसं वाटलं नाही, कारण अजून काय काय तिने त्याला सांगितलंय ते त्याच्याच पोटात होतं.

"घेऊन जाऊ?" त्याने विचारलं.

"तुझ्या लॅबला असा उजेड कुठाय? इथेच राहू देत. मी करतो. उतरले की फोन करतो, मग नमुना घेऊन ये."

"उन्हात नको हं, काका. नुसत्या उजेडात."

"समजतं मला."

तो दारात थांबला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी म्हटलं, "जा आता, गाडी चुकेल." कल्याणला राहतो तो.

सकाळी उठून चहाच्या आधी सहाही पॅनल गॅलरीच्या कठड्याला टेकवून उभे केले. वाऱ्याने पडतील म्हणून मागे विटेचे तुकडे लावले. साहेबाच्या शब्दावर माझा भरवसा नव्हता, म्हणून एका पॅनलचा अर्धा भाग पुठ्ठा बांधून झाकला. खरंच उतरतं का ते माझ्या डोळ्यांनी बघणार होतो. समोरच्या बिल्डिंगमधली बाई गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. तिने हाक मारली.

"काका, आज तुम्ही मांडले?"

"तुम्हाला काय माहीत ह्यातलं?"

"रोज बघायची ना मी. काकू एकेक उचलून बघायच्या, मला पण दाखवायच्या इकडून, कुठला बरोबर सांग म्हणायच्या. मला कधी नाही आलं सांगता." ती हसली. "तुम्ही आत पेपर वाचत बसलेले असायचात. तुमची पाठ दिसायची."

म्हणजे हिलासुद्धा माहीत. आत जाऊन खुर्ची उचलली, गॅलरीत आणून पॅनलसमोर ठेवली आणि बसलो. पुठ्ठा बांधलेला मांडीवर घेतला, सुतळी जरा सैल होती ती आवळली, आणि परत जागेवर ठेवला. नऊच्या सुमाराला कोपऱ्यात ऊन आलं तसे सहाही एकेक करून अलीकडे सरकवले.