तिसरी ताकीद

मोतीराम साळवे तसा गरीब गायीसारखा माणूस, पण ग्रुपवर त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंची हौस असलेली तीनशे माणसं त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा केली आणि नियम ठेवला एकच, रेडिओ सोडून अवाक्षर काढायचं नाही. सख्ख्या व्याह्यानं सकाळी गुलाबाचं फूल पाठवलं तरी दोन मिनिटांत ते गायब. तीन ताकिदी झाल्या की माणूस बाहेर. आधीचा ग्रुप शहराचं नाव कोणतं लिहावं या एका भांडणात फुटला होता, म्हणून याचं नाव नुसतं 'जुने रेडिओ'. गाव लिहिलंच नाही. म्हणजे भांडण आपोआप मिटलं.

उस्मानपुऱ्यात घरामागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. चितेगावच्या टीव्हीच्या कारखान्यात एकवीस वर्षं सोल्डरिंग केलेला हात तो. कारखाना बंद पडला, हाताची सवय काही सुटली नाही. गुलमंडीच्या बाजारातून कुणाचा तरी मुका झालेला सेट आणायचा, उघडायचा, आणि तो बोलायला लागला की बायकोला, सुलेखाबाईला, हाक मारायची. ती चहा घेऊन यायची आणि म्हणायची, आलं का बाळाला बोलता.

त्याच कारखान्यातला बद्रीनाथ गोर्डे यंदा उन्हाळ्यात ग्रुपमध्ये आला. लाईनीवर एकवीस वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून उभे. डबा एकच. बद्रीनाथ सकाळी याला 'जय भीम' घालायचा आणि हा त्याला 'राम राम', अगदी ठरवून. कारखान्याला कुलूप लागलं तशा भेटी लग्नकार्यापुरत्या राहिल्या होत्या. त्यामुळं त्याचं नाव दिसलं तेव्हा मोतीरामला लई बरं वाटलं.

पण दसरा झाला आणि या बाबानं भलतंच लिहायला घेतलं. रोज दुपारी कारखान्यातलं एक माणूस. एक दिवस धोंडिबा, जो प्रत्येक सेट कानाशी धरून हलवायचा आणि आत सुटलेला स्क्रू आवाजावरून ओळखायचा. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई. ती म्हशीची गोष्ट सांगता सांगता पट्ट्यांचे रंग बघून रेझिस्टर बसवायची. म्हैस व्याली, दूध आटलं, म्हैस विकली, पण बाईचं बोट कधी चुकलं नाही. मोतीराम वाचायचा, हसायचा, सुलेखाबाईला मोठ्यानं वाचून दाखवायचा. सोल्डरचा तो धूर नाकात यायचा, साडेतीनचा भोंगा व्हायचा, पैठणच्या बससाठी सगळी पोरं पळत सुटायची. आणि मग डोळे पुसून तो ते सगळं ग्रुपवरनं पुसून टाकायचा. ड्यूटी ती ड्यूटी.

दोन ताकिदी देऊन झाल्या. तिसरी काही हातून सुटेना. तो नुसताच पुसत राहिला आणि बद्रीनाथ लिहीत राहिला. शेवटी शिवम नावाच्या एका तरुण इंजिनियरनं सगळ्यांसमोर विचारलं, काका, आम्हाला तिसऱ्या ताकिदीला काढता, दोस्ताला मात्र सूट का? मोतीरामला ते फार झोंबलं. आयुष्यात कुणी त्याला पक्षपाती म्हटलं नव्हतं. योगायोगानं तीन दिवस बद्रीनाथकडून काही आलं नाही. चौथ्या दिवशी आलं, हातभर लांब. मोतीरामनं वाचलंसुद्धा नाही. पुसलं, खाली 'तिसरी ताकीद' लिहिलं आणि त्याला काढून टाकलं.

त्यानंतरच्या दुपारी मोठ्या वाईट गेल्या. ग्रुप कसा स्वच्छ झाला होता. कंडेन्सर, डायल, सुट्टे भाग. पण दोन वाजले की मोतीरामचा हात फोनकडं जायचा आणि तिथं त्याच्यासाठी काही नसायचं. पाच दिवस झाले, बद्रीनाथचा फोन नाही. आपण काय करून बसलो, हे त्याला कळत होतं, फक्त कबूल करवत नव्हतं. सुलेखाबाई म्हणाली, अहो, त्या फोनला काय बघता, माणसाकडं जा. मग त्यानं स्कूटर काढली आणि बद्रीनाथच्या गावाला जायला क्रांती चौकातून पैठणचा रस्ता धरला.

बद्रीनाथ ओसरीत शेंगा फोडत बसला होता. 'जय भीम,' म्हणाला, पण वर बघितलं नाही. मोतीराम शेजारी टेकला आणि काही सुचेना म्हणून त्यानंही शेंगा फोडायला घेतल्या. बोलायचं म्हणून विचारलं, तुझा सेट कुठं ठेवलास, दाखव की. बद्रीनाथ म्हणाला, सेट नाहीच, कधी नव्हताच.

"मला रेडिओतलं काय कळतंय? तू तिथं असतोस, म्हणून आलो."

बद्रीनाथ शेंगा फोडतच पुढं बोलला. पोरगा-सून सकाळी शहरात कामाला जातात, दिवस खायला उठतो, म्हणून लिहीत होतो. पुसलंस त्याचं काय नाय, तुझा नियम आहे.

"पण शेवटचं तरी वाचलं व्हतंस का?"

खोटं बोलता आलं असतं. मोतीरामनं नाही म्हणून मान हलवली.

"मी लाईनीनं येत व्हतो," बद्रीनाथ म्हणाला. "पयल्या टेबलापासून एकेक. शेवटचा तू व्हतास. तीन दिवस लिहीत व्हतो."

परत लिही, मोतीराम म्हणाला, पाया पडतो तुझ्या. बद्रीनाथ म्हणाला, आता तसं नाय यायचं. फोनातूनही गेलं आणि डोक्यातूनही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याचंच मोतीरामला जास्त लागलं.

लाईन काही तिथं संपत नव्हती. मोतीरामच्या पुढं आणखी एक टेबल होतं आणि तिथं कोण उभं राहायचं, हे जगात आता एकालाच लिहिता येण्यासारखं होतं. त्यानं टरफलं झटकली, चष्मा लावला, आधी बद्रीनाथला ग्रुपमध्ये परत घेतलं आणि एका बोटानं अक्षर अक्षर शोधत लिहायला लागला. 'शेवटचं टेबल, बद्रीनाथ गोर्डे. हा माणूस माझ्या वाटणीचं काम करायचा आणि सुपरवायझरला ते मीच केलं म्हणून सांगायचा.' एवढं लिहायला पाव तास गेला. पाठवून दिलं.

लगेच शिवम आला. काका, हे रेडिओचं नाही.

"बरोबर आहे," मोतीरामनं खाली लिहिलं. "मोतीराम साळवे, पहिली ताकीद." आणि तो पुढचं लिहायला लागला.