दून आन्जलूचं पान

नाव: रोमिना झेराफा. वय: छत्तीस. हुद्दा: वरिष्ठ शोध-अधिकारी, पोकर विभाग. कामाचे स्वरूप: इंटरनेटवर शोध घेणाऱ्या इच्छुकांस योग्य स्थळी मार्गदर्शन करणे. वर्तणूक: सचोटीची. खेळाडूंच्या गोपनीयतेचे पालन: काटेकोर.

कंपनीच्या अहवालात तिच्याबद्दल एवढंच आहे आणि त्यात खोटं काही नाही.

ग्झीरा शहरातल्या आमच्या कचेरीत कोणी पत्ते पिसत नाही. आम्ही फक्त पानं लिहितो. पोकर कुठे खेळावं असं कोणी शोधलं की आमचं पान वर दिसायला हवं. तो तिथून जुगाराच्या कंपनीकडे गेला की आमचं काम झालं. पुढे तो हरत राहील तोवर त्याच्या हरण्यातला वाटा आमच्याकडे येत राहतो. म्हणून जिंकणारा माणूस आमच्यात कोणाला फारसा आवडत नाही.

रोमिनाची खासियत म्हणजे मेलेले पत्ते. एखादी संस्था बंद पडते, वेबसाइटच्या पत्त्याचं नूतनीकरण करायचं राहून जातं. पण इतर साइट्स त्या पत्त्याकडे बोट दाखवतच राहतात आणि शोधयंत्र त्या बोटांवर विश्वास ठेवतं. असा पत्ता विकत घ्यायचा नि आपलं पान त्यावर चढवायचं. घर दुसऱ्याचं, पाटी आपली. शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

मार्चमध्ये तिच्या रोजच्या यादीत दून आन्जलूचा पत्ता आला. दून आन्जलू हे तिच्याच गावचे, सिज्जीवीचे पाद्री. जुगार सोडू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी वीस ओळींचं एक पान लिहिलं होतं. खाली फोन नंबर होता, पण फोन कोणी करत नसे. या बेटावर आवाज ओळखतात. सकाळी फोन केला तर दुपारी मावशी विचारायला येते. लोक गुपचूप पान उघडत, वीस ओळी वाचत आणि बंद करत. पाद्री जानेवारीत गेले, पाठोपाठ पत्ताही. त्याच्याकडे दोन शाळा, एक दवाखाना आणि नऊ चर्चं बोट दाखवत होती.

रोमिनाने तो घेतला. वीस ओळी तशाच ठेवल्या, कारण शोधयंत्राचा विश्वास त्यांच्यावर होता. खाली शीर्षक दिलं, ‘स्वतःवर ताबा ठेवून खेळण्याच्या जागा’, आणि पोकरच्या सहा कंपन्यांची नावं. तिने मनाशी हिशेब असा केला की पाद्र्यांचा शब्द निदान जिवंत राहिला.

रविवारी ती आईकडे जेवायला गेली. तिचा भाऊ चेन्सू बस चालवतो. अकरा महिने त्याने जुगाराच्या पत्त्यांना हात लावला नव्हता.

“दून आन्जलूचं पान परत आलं,” तो म्हणाला.

आईने छातीवर क्रूस काढला. “कोणी आणलं रे?”

“असेल कोणी पुण्यवान. दोन महिने रोज सात दहाला, बस सुटायच्या आधी, उघडून बघत होतो. नुसतं पांढरं. परवा बघतो तर सगळं जागच्या जागी. खाली काही नवीनही आहे.”

“ते वाचू नकोस,” रोमिना म्हणाली.

“का?”

“असल्या पानांत व्हायरस असतो.”

“दून आन्जलूच्या पानात?” चेन्सू हसला. “मा, ऐक. तुझी लेक ग्झीऱ्याला गेली आणि पाखंडी झाली.”

“तिला मॅकरोनी वाढ,” आई म्हणाली. “उपाशी डोकं काहीही बरळतं.”

‘ते पान माझं आहे’ एवढं वाक्य पुरलं असतं. ते मॅकरोनीबरोबर खाली गेलं.

सोमवारी ती साहेबाकडे गेली. हाकान स्वीडनचा, कधी आवाज चढवत नाही.

“ते पान काढू या.”

“कितव्या क्रमांकावर आहे?”

“तिसऱ्या.”

“मग?”

“ते मदतीचं पान होतं, हाकान.”

“अजूनही आहे. वर मदत, खाली खेळ. निवड माणसाची.”

“माझ्या गावचे लोक वाचतात ते.”

“छान. म्हणजे विश्वास आहे.”

पान उडवायची किल्ली तिच्याच हातात होती; एका टिचकीचं काम. पण विनापरवानगी पान उडवलं तर नोकरी जाते, म्हणून तिने रीतसर अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तीन पर्याय होते: क्रमांक घसरला, कायदेशीर नोटीस, इतर. तिने ‘इतर’वर खूण केली. निर्णय गुरुवारच्या बैठकीत होणार होता.

पान कुठल्या गावातून उघडलं आणि किती वेळ उघडं राहिलं, ते आम्हाला दिसतं. मंगळवारी सात दहाला सिज्जीवी, चाळीस सेकंद. वीस ओळींना तेवढाच वेळ लागतो. बुधवारी दोन मिनिटं. तिने चेन्सूला फोन लावला. तो म्हणाला, “बस उशिरा सुटली, बाकी काही नाही,” आणि तिनेही पुढे विचारलं नाही. गुरुवारी सहा मिनिटं. त्या दिवशी बैठक झाली नाही, हाकान विमानात होता.

मंजुरी शुक्रवारी दुपारी आली. बारा वाजून पाच मिनिटांनी रोमिनाने पान काढलं आणि अहवालात तशी नोंद केली.

त्या पानावरून आलेले नवे खेळाडू सात. नाव आम्हाला दिसत नाही, नियम काटेकोर आहे. गाव दिसतं. सातवा सिज्जीवीचा, शुक्रवार, सकाळी सात वाजून एकोणीस मिनिटं.