सत्ताविसावा नमुना

गोधड्यांच्या नमुन्यांचं एक पुस्तक माझ्या नावावर आहे. त्यात चाळीस नमुने आहेत. त्यांतला सत्ताविसावा सगळ्यांत अचूक उतरला आहे. कापड किती घड्या करून कापायचं, कात्री कुठून लावायची, कडा किती आत दुमडायच्या, सगळं बिनचूक. तरी ते पान आलं की मी पुस्तक मिटते. का मिटते ते मी घरातसुद्धा कधी धड सांगितलेलं नाही.

लग्न होऊन मी अंबरनाथ पश्चिमेला आले तेव्हा हे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायला होते. बिघडलेले नकाशे ते घरी आणायचे. मागची बाजू कोरी असायची. त्या कोऱ्या बाजूवर मी गोधड्यांचे नमुने काढायला लागले. शेजारणी हसायच्या. "गोधडीला कसला आलाय नमुना? चिंध्या घ्यायच्या, टाके घालायचे." मी त्यांना उत्तर द्यायची नाही, कारण मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं अशी माझी खात्री होती. ही खात्रीच पुढे नडली. एका मासिकात माझं पान छापून यायला लागलं, आणि दोन वर्षांनी गिरगावातल्या एका प्रकाशकाचं पत्र आलं की पुस्तक करून द्या. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुस्तकासाठी मी हिंडले. बदलापूरला कात्रपमध्ये एक म्हातारी शेतकरीण गोधड्या शिवायची. तिच्या ओटीवर मी तीन दुपारी बसले. तिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक असायचे. गोधडीचं तोंड शिवायच्या आधी ती आतल्या जुन्या कापडाच्या थरांमध्ये घरातल्या कुणाचं तरी फाटकं लुगडं, धोतर, अंगडं आवर्जून घालायची. मी विचारलं तर म्हणाली, "गोधरीचा प्वाट रिकामा ठेवाचा नाय, बाय. घरातला जुना मानूस पोटान घालाचा, मंग ऊब येतं." मी ते लगेच वहीत उतरवलं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ते आहे, माझ्या शुद्ध भाषेत, जणू मलाच सुचलं.

उल्हासनगरात तेव्हा सगळ्या बराकी होत्या. फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं त्यांत राहत होती. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार संसार. त्यांच्या बाजारात कटपीस चांगला मिळे, म्हणून मी जायची. पाच नंबरच्या कॅम्पात एक बाई पापड लाटून विकायची आणि तिचा नवरा गाडीवर कटपीस लावायचा. दारात पाऊल टाकलं की ती आधी पापड आणि पाणी पुढे करायची, मग काय हवं ते विचारायची. मला ती अदी म्हणायची, म्हणजे ताई. वयाने ती माझ्याहून मोठी होती.

एकदा तिच्या खाटेवर मी ती रल्ली पाहिली. रल्ली म्हणजे त्यांची गोधडी. सोळा चौकोन, प्रत्येकावर वेगळ्या रंगाच्या कापडातून कातरून काढलेलं आठ पाकळ्यांचं फूल, आणि वरून सबंध बारीक धावदोरा. लाल आता विटकरी झाला होता आणि पांढरा ताकासारखा. मी हात लावला आणि मला ती हवीशी झाली. चोरायची नव्हती. कागदावर हवी होती. नमुने काढणाऱ्या बाईची हाव अशीच असते.

"माँ के हाथ की है," ती म्हणाली. तिची आई तिकडेच राहिली होती आणि तिकडेच गेली. ही बाई कराचीहून बोटीने आली तेव्हा लेकीला या रल्लीत गुंडाळून आणलं होतं. बाकी भांडीकुंडी, दागिना, दार, अंगण, सगळं गेलं. लेक आता सोळा वर्षांची होती. लग्न ठरलं होतं, तीन महिन्यांवर होतं, आणि मुलीबरोबर सासरी पाठवायला आईच्या हातची म्हणून घरात एवढी एकच वस्तू होती. हे तिने मला तेव्हाच सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हटलं, आठ दिवसांसाठी द्या, नक्षी उतरवून घेते, पुस्तकात छापीन. तिने क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि रल्ली घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, "काटना मैं सिखा दूँगी अदी, शादी हो जाने दो. अभी हाथ खाली नहीं है."

थांबायला काय हरकत होती? पण प्रकाशकाला चित्रं महिन्याच्या आत हवी होती. आणि खरं सांगायचं तर मला कुणाकडून शिकून घ्यायचं नव्हतं. बघून काढता आलं पाहिजे, नाहीतर मी कसली नमुने काढणारी?

पाच दिवस मी कागद घड्या घालून कापत बसले. कधी पाकळ्या बोथट यायच्या, कधी मधलं छिद्र मोठं पडायचं. बाहेरून दिसतं ते फूल आणि कापतात ते फूल यांत फरक असतो. कडा आत दुमडलेल्या असतात आणि ती दुमड वरून दिसत नाही. दुमड किती ते कळल्याशिवाय नमुना छापणं म्हणजे लोकांचं कापड वाया घालवणं. म्हणून सहाव्या दिवशी मी एक फूल उसवायचं ठरवलं. एकच. मोजायचं, पुन्हा त्याच भोकांतून दोरा घालायचा, कुणाला कळणार नाही. गोधड्या उसवून पुन्हा शिवणं माझ्या हातचा मळ होता.

ब्लेडने टाके कापले आणि फूल उचललं तर ते हातात आलंच नाही. तिथल्या तिथे त्याचे धागे झाले. कापड कधीच संपलं होतं, नुसते टाके त्याला धरून होते. हे मला कळायला हवं होतं. म्हाताऱ्या गोधडीचं कापड बोटांनी आधी चोळून बघतात, कात्रपच्या म्हातारीने मला हे दाखवलंसुद्धा होतं. हौसेपुढे ते आठवलं नाही.

तिथे थांबले असते तरी पंधरा फुलं शाबूत राहिली असती. पण मोजायला एक अख्खं फूल हवं होतं, म्हणून मी दुसरं उसवलं. मग तिसरं. एखादं तरी धड निघेल, एखादं तरी, असं करत संध्याकाळपर्यंत नऊ फुलं गेली. त्यांतली दोन तेवढी अख्खी निघाली. ती मी खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवली, दुमड मोजली, आणि त्या वेळी, हे लिहायला लाज वाटते, मला आनंद झाला. पाव इंचाला जरा कमी. सापडलं.

हे घरी आले. जमिनीवर पसरलेली रल्ली त्यांनी पाहिली आणि चपला तशाच पायात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "हे आपलं नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग जा आणि सांग." मी गेले नाही.

उसवताना ताणून उरलेलं कापडही फाटलं होतं, म्हणून मी सबंध दुसरी रल्ली करायला घेतली. तिच्याच नवऱ्याच्या गाडीवरून कटपीस आणला. त्याने मला दोन तुकडे वर टाकून दिले. सोड्याच्या पाण्यात कापड उकळलं, उन्हात टाकलं, चहात बुडवलं, पुन्हा धुतलं. फुलं आता मला कापता येत होती, डोळे मिटून येत होती. आठ दिवसांचे ऐंशी झाले. तिचा निरोप आला की मी सांगायची, चित्रं अजून व्हायचीत. पोटात भरायला जुनं कापड हवं होतं, तेव्हा ट्रंकेतून ह्यांच्या दोन खाकी विजारी आणि माझं एक विरलेलं पातळ काढलं. तिच्या आईच्या रल्लीच्या उरलेल्या चिंध्या तेव्हा कोपऱ्यात बोचक्यात होत्या. त्या आत घालाव्यात हे माझ्या मनातही आलं नाही. उलट पुरावा घरात नको म्हणून मी त्या बंबात घातल्या. पुठ्ठ्यावरची दोन फुलं चित्रांबरोबर मुंबईला छपाईचे ब्लॉक करणाऱ्याकडे गेली आणि परत आली नाहीत. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, खळीचा पुठ्ठा रद्दीत गेला.

लग्नाच्या चार दिवस आधी मी रल्ली नेऊन दिली. तिने ती मांडीवर घेतली, वरून हात फिरवला, आणि हात एका जागी थांबला. चोराच्या मनात चांदणं. मी उगाचच बोलायला लागले की धुऊन दिली आहे म्हणून थोडी वेगळी लागेल. तिने माझ्यापुढे पापड ठेवला. तो तसाच ठेवून मी उठले.

लग्नात मुलीला द्यायचं सामान खाटेवर मांडलं होतं. सासरच्या बायका एकेक वस्तू उचलून बघत होत्या. रल्लीपाशी आल्या तेव्हा मुलीची आई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "यह मेरी माँ के हाथ की है." म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी मला राहवेना, म्हणून गेले. मुलगी गेलेली, बराकीतला त्यांचा कोपरा मोठा वाटत होता. तिने पोळपाट बाजूला सरकवला.

"अदी, मेरी माँ बाएँ हाथ से सीती थी. गाँठ सब बाएँ तरफ थी. तुम्हारी में दाएँ तरफ है."

मी रडायला लागले. पहिल्या फुलापासून सगळं सांगितलं, कापड हातात आलं नाही तिथपासून. तिने ऐकून घेतलं. ती चिडली असती, तोडून बोलली असती, हात धरून बाहेर काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त एक विचारलं.

"टुकड़े तो पेट में डाले न? तुम ही बोली थी, वह गाँव की बूढ़ी डालती है. पुराना आदमी पेट में."

खरंच, कात्रपहून परतताना मोठ्या हौसेने मीच तिला ते सांगितलं होतं.

मी म्हटलं, "हो."

आणि एवढ्यावर न थांबता म्हणाले, "सगळे घातले. मधोमध." खोटं बोलायला लागलं की तपशील आपोआप सुचतो. तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. "फिर ठीक है," ती म्हणाली. "फिर माँ गई है साथ में."

पुस्तक निघालं. फारसं खपलं नाही. गोधडी शिवणाऱ्या बाया पुस्तकं वाचत नाहीत आणि पुस्तकं वाचणाऱ्या गोधड्या शिवत नाहीत, हे प्रकाशकाला आणि मला दोघांनाही उशिरा कळलं. एक प्रत मी तिला नेऊन दिली. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. सत्ताविसाव्या नमुन्याचं पान तिने उघडून भिंतीला टेकवून ठेवलं, देवाच्या तसबिरीशेजारी. मी तिच्याकडे जाणं कमी केलं, मग बंद केलं. नवीन नमुना काढायला बसले की हात थांबायचा. ह्यांनी काही दिवस कोरे कागद आणले, मग त्यांनीही आणायचे सोडले.

ती गेल्याचं मला बाजारात कळलं. ताप आला, चार दिवसांत गेली.

त्यानंतर पावसाळा संपता संपता एका दुपारी तिची लेक आमच्या दारात उभी राहिली. दिवस भरत आले होते. काखेत ती रल्ली होती, वापरून मऊ झालेली, कडेला विरलेली. पाणी पिऊन ती म्हणाली, "मौसी, माँ जाते-जाते बोली थी, बच्चा होगा तो रल्ली का पेट खोलना, नानी के टुकड़े निकालना, बच्चे की रल्ली में डालना. मेरे हाथ से डर लगता है. पुराना कपड़ा है, फट जाएगा. आप खोल दो."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी कात्री घेतली. माझेच टाके होते, गाठी उजवीकडे. एकेक कापत गेले. ती माझ्यासमोर पदर पसरून बसली होती, तुकडे झेलायला.

आधी माझं पातळ निघालं. मग खाकी विजार, गुडघ्याला ठिगळ असलेली, एका खिशाला अजून बटण होतं. मधोमध तेच होतं. तिने ते कापड उचललं, उलटंसुलटं केलं, बटणावर बोट ठेवलं.

"यह किसका है?"

"आमच्या ह्यांचं," मी म्हटलं.

विजार तिने खाली ठेवली. मग विचारलं, "माँ को मालूम था?"

"नाही," मी म्हटलं. "तिला मी हो म्हणून सांगितलं होतं."

ती उठायला लागली तेव्हा मी हात पुढे केला, तिने धरला नाही. भिंतीचा आधार घेऊन उठली. ह्यांच्या विजारी आणि माझं पातळ तिने घडी करून माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, थांब, निदान तोंड तरी शिवून देते. ती म्हणाली, "रहने दो," आणि रिकाम्या पोटाची रल्ली काखेत घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागली.