दादाच्या ट्रकचा जाडा पाइप

दादा गेल्याचा निरोप कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवर आला. माहुलला तेलाची पिंपं भरायला ट्रक रांगेत लावला होता, आणि स्टिअरिंगवरच त्याची मान कलली... घाटकोपरला माहेरी पोचले तेव्हा लोक म्हणत होते, "चालता-बोलता गेला हो, भाग्यवान." कसला डोंबलाचा भाग्यवान! सख्ख्या बहिणीच्या घरी एक घास न खाता गेला माझा भाऊ.

त्याचं कारण सांगायचीही लाज वाटते. एक पाइप! माझं लग्न ठरलं, सासर बोरिवलीचं. "तुझं वऱ्हाड आपल्याच ट्रकमधून न्यायचं, एकदम झकास," म्हणत दादाने त्याचा जुना ट्रक रंगवून घेतला आणि सायलेन्सरचा पाइप काढून दुप्पट जाडीचा बसवला. धूर मोकळा सुटला की इंजिन जोरात ओढणार, असं त्याचं गणित. आवाज असा, की चाळीतली पोरं कानांत बोटं घालून नाचायची. दादा खूश! सपाट रस्त्यावर रिकामा ट्रक पळालाही. भरलेला ट्रक चढावर नेऊन बघावा, हे मात्र त्याला सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी मागे सगळं वऱ्हाड, लोखंडी कपाट, भांडीकुंडी. आरे कॉलनीच्या चढावर ट्रकचा दम संपला. नुसता गडगडाट, चाल गोगलगायीची. शेवटी दादा उतरला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "जरा उतरता का सगळे?" काका, मामा, नऊवारीतल्या आत्या, सगळे गोठ्यांसमोरून पायी चढ चढले. मावशी ओरडली, "मेल्या, ट्रक आणलायस की भोंगा?" केबिनमध्ये शालू सावरत बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोरिवलीला पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. सासूबाईंनी भर मांडवात दादाला ऐकवलं, "एवढी हौस होती, तर वेळेवर पोचायचीही हौस करायची होती." दुसऱ्याच दिवशी त्याने जुना पाइप परत बसवला. नंतर मला म्हणाला, "बाय, एवढ्या रुंद पाइपात धुराचा जोरच मेला गं. खालच्या गियरला इंजिनची ओढ गेली. माझ्या हौसेनं तुझ्या लग्नाची वाट लावली..."

त्यानंतर दर भाऊबीजेला तो यायचा. दाराशीच पाट मांडायला लावायचा, ओवाळून घ्यायचा आणि "भाडं आहे गं, निघतो" म्हणत जिना उतरायचा. मी केलेलं श्रीखंड तसंच राहायचं. "अरे, बस ना रे दोन मिनिटं!" म्हणून किती विनवलं. सासूबाईंसमोर ताटावर बसायचं त्याला धाडसच झालं नाही.

परवा जेवताना मला रडूच फुटलं. म्हटलं, त्या मेल्या मुहूर्तापायी माझा भाऊ उपाशी परत जायचा. तर हे म्हणाले, "अगं, त्या दिवशी भटजी तरी कुठे वेळेवर आले होते? दुसरं लग्न उरकून तुमच्या जरासे आधी टेकले. तुम्ही लवकर आला असतात, तरी मुहूर्त टळलाच असता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"भटजी आईनं ठरवले होते. तिला खाली बघावं लागलं असतं ना."

सासूबाई समोरच होत्या. "भात घे," म्हणाल्या. मला त्या घरचा घास गिळायची लाज वाटली. मी ताटावरून उठले.