पाठ आहे मला, आर्डिस

लून लेक गावात कुणी कुणाला उगीच शहाणपण शिकवायला गेलं, की समोरचा म्हणतो, "थँक्यू, आर्डिस, पाठ आहे मला." पेट्रोल पंपावर म्हणतात, चर्चच्या जेवणात म्हणतात, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेला माणूसही म्हणतो. शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात, आणि ही आर्डिस कोण, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. असेल कुणी जुन्या काळची, असं त्यांना वाटतं.

आर्डिस लिंडक्विस्ट जुन्या काळची वगैरे काही नव्हती. ती मिल स्ट्रीटवर राहत होती, स्वतःची लाल पिकअप स्वतः चालवत होती आणि हे वाक्य कानावर पडलं की अजूनही तिची कानशिलं तापत होती.

गावाचं नाटकघर म्हणजे क्रीमरी थिएटर. पूर्वी तिथे लोणी काढायचा कारखाना होता. उकाड्याच्या दिवसांत पहिल्या रांगेला अजूनही आंबट दुधाचा वास येतो आणि जुने प्रेक्षक त्याला परंपरा म्हणतात. या क्रीमरीत आर्डिस प्रॉम्प्टर होती. दिवसा पोस्टाच्या खिडकीत, संध्याकाळी विंगेत. विंगेतलं तिचं स्टूल, वर एक मिणमिणता दिवा, मांडीवर नाटकाची वही आणि नटांच्या चेहऱ्यावर डोळे. वहीत ती क्वचितच बघायची. प्रॉम्प्टरनं वाक्यं नव्हे, माणसं वाचायची असतात, असं तिचं म्हणणं. नट गप्प झाला की तो पॉज घेतोय की विसरलाय, हे ओळखणं म्हणजेच प्रॉम्प्टिंग. पॉज घेणाऱ्याला वाक्य दिलंत तर तुम्ही गाढव. विसरलेल्याला दिलं नाहीत तरी गाढवच.

क्रीमरीचा हुकमी नायक व्हर्लिन स्ट्रॉम याचं वाचन तर फारच सोपं होतं. पॉज घ्यायचा असला की व्हर्लिन वरच्या दिव्यांकडे बघायचा. विसरला की डाव्या कानाची पाळी चोळायचा.

तर ते नाटक होतं एका दीपगृहाच्या राखणदाराचं. व्हर्लिन एकटाच रंगमंचावर. वादळ, बुडणारी बोट, वगैरे वगैरे. आणि ऐन रंगात आला असताना तो थांबला. हात कानाच्या पाळीकडे गेला. आर्डिसनं क्षण न दवडता हळूच वाक्य सोडलं, "आणि मग दिवा विझला." त्या दिवशी नाटकघर इतकं शांत होतं, की ते चार शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. लोक फिस्सकन हसले. तेव्हा व्हर्लिननं विंगेकडे मान वळवली आणि राखणदाराच्याच भारदस्त आवाजात म्हणाला, "थँक्यू, आर्डिस, पाठ आहे मला."

क्रीमरीत इतका मोठा हशा त्याआधी झाला नव्हता.

व्हर्लिन विसरला होता, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक व्हर्लिन, आणि दुसरी आर्डिस. आणि आर्डिसचं कोण ऐकणार?

"अगं, गंमत होती ती," तिचा नवरा गॉर्डी म्हणाला. आठवड्याभरानं जेवणाच्या टेबलावर तोही तेच वाक्य बोलून बसला, आणि मग बरेच दिवस बिचाऱ्यानं ओव्हनमधून वाफाळत निघणारं हॉटडिश थंडच खाल्लं. आर्डिस विंगेतल्या स्टुलावर पुन्हा बसली नाही. पण क्रीमरी काही तिच्यानं सुटेना. मध्यंतरातल्या कॉफीच्या टेबलामागे ती उभी राहू लागली. तिथून तिनं आपलं युद्ध चालवलं. व्हर्लिनच्या वाट्याला किटलीच्या तळाची कॉफी यायची. लिंबाच्या वड्या त्याच्यापर्यंत पोचेतो संपलेल्या असायच्या. कपडेपटाला हात लावायची वेळ आली, की त्याच्या कॉलरला इतकी खळ पडायची, की शेवटच्या अंकात राजा मान न वळवताच मरायचा. पण हे सगळं किरकोळ. मुद्दल तसंच थकलेलं होतं. तिला एकच हवं होतं. मी विसरलो होतो, हे व्हर्लिननं ज्या गावासमोर तिचं हसं केलं त्याच गावासमोर म्हणावं.

वर्षं गेली. गॉर्डी गेला. मग करोना आला आणि क्रीमरीला कुलूप लागलं.

क्रीमरी चालते आश्रयदात्यांवर. ज्यानं मदत केली त्याच्या नावाची पितळी पट्टी एका लाकडी खुर्चीच्या पाठीला लागते. ती खुर्ची त्याची. दिग्दर्शिका कॉलीन सुरुवातीला प्रत्येकाला फोन करत होती. पण फोनवर लोक आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि नाटक राहून जायचं. मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली. लोक खुर्चीकडे येऊ शकत नाहीत ना? मग खुर्चीच लोकांकडे न्यायची. ज्याची त्याची खुर्ची ज्याच्या त्याच्या अंगणात ठेवायची आणि पुढे रस्त्यावर, पिकअपच्या हौद्यात, नाटक करायचं.

"तुझी पिकअप हवी होती, आर्डिस," कॉलीन अंगणाच्या कडेला उभी राहून मास्कमधून ओरडली.

"पिकअपला उन्हाळ्यात काम असतं."

"कसलं गं?"

"असतं. नाटक कोणतं?"

"दीपगृहवालं. एकच नट, म्हणजे अंतराचा प्रश्न नाही. व्हर्लिन तयार आहे."

आर्डिस जिरॅनियमला पाणी घालत होती. झारी रिकामी झाली तरी ती तशीच तिरकी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "पिकअप देते. पण प्रॉम्प्टिंग मी करणार."

कॉलीनला भरून आलं. तिला वाटलं, संकटकाळात माणसं जुनं विसरतात. कॉलीन मूळची शिकागोची.

पहिल्याच अंगणापासून सगळं सुरळीत सुरू झालं. हौद्यात व्हर्लिन, त्याच्या पाठीमागे केबिनची सरकती काच, आणि काचेपलीकडे मास्क लावलेली आर्डिस. व्हर्लिन आता सत्तरीपलीकडे गेलेला. वाक्यं त्याच्या डोक्यातून उन्हाळ्यातल्या माश्यांसारखी उडून जायची. हात कानाकडे निघाला रे निघाला, की काचेच्या फटीतून शब्द यायचा. इतका हळू, इतका नेमका, की समोरच्या खुर्चीला पत्ता लागायचा नाही. कधी कधी तर विसरायच्या आधीच यायचा. दोन आठवड्यांत व्हर्लिननं पाठांतर पार सोडून दिलं. कापायच्या बोकडाला कोवळा पाला घालावा तशी आर्डिस त्याला वाक्यं घालत होती.

केबिनमध्ये दोघांनी बसायचं नाही असा नियम, म्हणून एका अंगणातून दुसऱ्या अंगणाकडे जाताना व्हर्लिन हौद्यातच खुर्ची टाकून बसायचा आणि मिरवणुकीतल्या महापौरासारखा दोन्ही बाजूंना हात हलवायचा. लोक ओसरीवर येऊन टाळ्या वाजवायचे. म्हातारी मिसेस हॅल्वर्सन आपल्या पितळी पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "मार्चपासून मला नावानं हाक मारणारी ही पहिलीच वस्तू." आर्डिसनं तोंड फिरवून गाडीचा आरसा पुसला. अशा वेळी तिचा निश्चय जरा ढिला व्हायचा. एका संध्याकाळी हौद्यातून उतरताना व्हर्लिनचा पाय लटपटला, तेव्हा तिला वाटलं, जाऊ दे. म्हातारा झालाय. आणि आज एवढी वाक्यं दिली, एकदा तरी म्हणेल, बरं झालं तू होतीस.

व्हर्लिन खाली उतरला, हॅट काढली आणि अंगणातल्या मंडळींना म्हणाला, "या वयात एक शब्द चुकत नाही बघा! गाडीत आर्डिस आहे म्हणा, पण तिला काय सांगायचं? पाठ आहे मला."

अंगण हसलं. आर्डिसची नात ब्रिटा खुर्च्या उचलायला आली होती, तीही हसली.

"आजी, ते वाक्य तुझ्यावरून आलंय?" गाडी निघताना ती खिडकीशी येऊन म्हणाली. "आमच्या वर्गात सगळे म्हणतात. मीपण म्हणते."

आर्डिसनं गिअर इतक्या जोरात टाकला, की मागे खुर्च्या एकमेकींवर आदळल्या. जाऊ दे वगैरे तिथेच रस्त्यात पडलं.

ऑगस्टअखेर शेवटचा प्रयोग होता लुथरन चर्चच्या वाहनतळावर. सगळ्या खुर्च्या एकत्र, पण मध्ये हातभर नव्हे, गायभर अंतर सोडून. गावातले सगळे आश्रयदाते आपापल्या नावाला टेकून बसलेले. डासांची औषधं, घरून आणलेली कॉफी, मास्कवर विणलेली बदकं. मार्चनंतर पहिल्यांदाच सगळे एकमेकांना दिसत होते. कॉलीन तर सुरुवात व्हायच्या आधीच रडत होती.

व्हर्लिन त्या दिवशी खरोखर सुरेख करत होता. वादळ आलं, बोट हेलकावली, सरोवराच्या लाटा नुसत्या आवाजानं उभ्या राहिल्या. आर्डिसनं वाटेत तीनचार शब्द दिलेही. आणि मग ती जागा आली. व्हर्लिन थांबला. दिवे नव्हतेच वर बघायला. आकाश होतं, पण तिकडे त्यानं बघितलं नाही. हात कानाच्या पाळीकडे गेला.

आर्डिसनं काच सरकवून बंद केली. खट्ट.

लोकांना वाटलं, काय पॉज आहे! मिसेस हॅल्वर्सननं हात छातीवर ठेवला.

इकडे केबिनमध्ये आर्डिसची अवस्था व्हर्लिनपेक्षा वाईट होती. सूड घ्यायचा ठरवणं सोपं. पण जन्मभर प्रॉम्प्टिंग केलेल्या जिभेला गप्प बसवणार कसं? ते चार शब्द दातांवर येऊन उभे राहिले, ढकलाढकली करू लागले. तिनं शेजारच्या डब्यातली लिंबाची वडी काढली, मास्क खाली ओढला आणि अख्खी वडी तोंडात कोंबली. मग दुसरी.

व्हर्लिननं हात मागे नेला आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

आर्डिस चावत होती.

टकटक. टकटकटक. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. बँकेचा जुना मॅनेजर बायकोला म्हणाला, "हा पॉज आहे की झटका आलाय?" कॉलीन उभी राहिली. व्हर्लिनची कानाची पाळी टोमॅटोसारखी लाल झाली होती. शेवटी तो पुरता वळला, गावाकडे पाठ केली, आणि काचेला नाक लावून म्हणाला, "आर्डिस, वाक्य दे."

आर्डिसनं वडी गिळली. मास्क नीट केला. काच बोटभर उघडली.

"मला वाटलं, तुला पाठ आहे."

"नाहीये."

"ऐकू आलं नाही, व्हर्लिन. मास्क आहे ना. आणि माझ्याकडे बघून काय सांगतोस? ते तिकडे बसलेत."

व्हर्लिननं नाक काचेवरून काढलं. मग सावकाश वळला. राखणदाराचा भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता. उरला होता तो मिल स्ट्रीटवरच्या शाळेत आर्डिसच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराचा आवाज.

"मला पाठ नाहीये, आर्डिस," तो म्हणाला. आणि लोक अजून बघताहेत हे पाहून मोठ्यानं म्हणाला, "तेव्हाही नव्हतं! तेव्हाही मी विसरलोच होतो, आणि हिनं बरोबर वाक्य दिलं होतं! झालं समाधान?"

बँकेच्या मॅनेजरनं, ज्यानं तो जुना विनोद जन्मभर आपल्याच मालकीचा असल्यासारखा वापरला होता, कॉफीच्या झाकणाशी चाळा सुरू केला. ब्रिटा दोन्ही हात गालांवर ठेवून आजीकडे बघत होती.

आर्डिस दार उघडून खाली उतरली. ती कुजबुजली नाही. इतकी वर्षं विंगेत, काचेआड, तोंडावर हात धरून बोललेली बाई पिकअपला टेकून उभी राहिली आणि शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"आणि मग दिवा विझला."

"आणि मग दिवा विझला," व्हर्लिन मुकाट्यानं म्हणाला, आणि नाटक पुढे गेलं. असं म्हणतात, की उरलेला भाग त्यानं त्या दिवशी केला तसा कधीच केला नव्हता. टाळ्या पडल्या तेव्हा त्यानं वाकून नमस्कार केला, आणि मग, जरा उशिरा, पिकअपकडे हात केला. तेव्हा लोक उभेच राहिले. मिसेस हॅल्वर्सनसुद्धा राहिली, खुर्ची धरून.

खुर्च्या भरून झाल्यावर व्हर्लिन गाडीशी आला. हॅट हातात.

"आता तरी फिटलं ना, आर्डिस?"

"बस मागे," आर्डिस म्हणाली.

तो हौद्यात चढला आणि खुर्ची टाकून बसला. आज हात हलवायला त्याला धीर होईना. चर्चपासून मिल स्ट्रीटला दोन रस्ते जातात. एक डांबरी, नवा, लोण्यासारखा. दुसरा तळ्याच्या कडेनं, खडीचा, प्रत्येक हिवाळ्यानं आपला एक खड्डा ठेवून गेलेला.

आर्डिसनं आरशात बघितलं. व्हर्लिननं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. तिनं मास्कच्या आत शीळ घातली आणि गाडी तळ्याकडे वळवली.