आत्याचं 'वर' कोणी लिहिलं?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आताही 'आहे' असं म्हणवत नाही. इथे मी बरेच दिवस नुसतीच वाचते, लिहायची हिंमत आज केली. इंग्लिश मीडियमची आहे, चुका सांभाळून घ्या...

श्रीवर्धनजवळच्या गावात सुलभाआत्याकडे राहून मी लॅपटॉपवर नोकरी करते. इथल्या बायका ओहोटीला खडकांवर कालवं फोडायला जातात. त्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. उतरताना 'खाली' लिहायचं, आल्यावर 'वर'. पण स्वतःचं 'वर' स्वतः लिहायचं नाही — सोबतच्या बाईने नाव घेऊन लिहायचं. हा नियम हिराकाकूंचा. ग्रुपवर त्या सर्वांत जुन्या.

आम्हा नव्या मुली-सुनांना तो पटेना. तोंडावर मी कधीच बोलले नसते, टाइप करताना धीर येतो. लिहिलं, "प्रत्येकीकडे फोन आहे. जिचं तिने लिहावं ना."

"शाळा शिकलीस म्हणून दर्या शिकलीस का गो?" काकूंचा व्हॉइस मेसेज.

"मग कारण सांगा, काकू."

"कारण माज्या सासूनंबी सांगितलं न्हाय. फोन नव्हते तवा हाळी द्यायचो. तवाबी दुसरीचीच."

माझ्या मेसेजवर धडाधड अंगठे पडले. काकू म्हणाल्या, "बरं. तुमी शान्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या धरून पाच जणी उतरल्या. पावणेचारला आत्याच्या नंबरवरून 'वर' आलं. मग बाकी चौघींचं. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर फळीवर आत्याचा फोन. चार्जिंगला. घरूनच 'खाली' लिहून, पाण्यात पडेल म्हणून ठेवून गेली होती. घरात मी एकटीच होते...

काकूंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "तिला डोल्यानं कुनी बघितलं?"

कोणीच नव्हतं बघितलं. मेसेज वाचून 'सुलभा पुढे गेली' असं समजून चौघी घरी आल्या होत्या.

काकू, त्या चौघी आणि मी खडकांकडे धावलो. आत्याचा पाय खडकाच्या फटीत अडकला होता. पाणी छातीला लागलेलं, आवाज बसलेला. तिला ओढून काढलं, तेव्हा तिने आधी त्या चौघींकडे बघितलं.

"एवढ्या हाका मारल्या गो... पाच जणींतल्या एकीलाही ऐकू गेलं नाही?"

"पाच कुठल्या? आम्ही चौघीच होतो."

"मी मोजल्या ना. चढणीवर पाच जणी चालल्या होत्या."

काकूंनी आत्याचं मनगट घट्ट धरलं, तिला तिचं नाव विचारलं, आणि मगच ग्रुपवर लिहिलं — 'सुलभा वर'.

पावणेचारचा तो मेसेज आम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, आत्याच्या फोनमध्ये नाही. नेटवर्क, हॅकिंग, सगळं शोधून झालं. उत्तर नाही. आत्या बरी आहे, लंगडते थोडी. नियम परत सुरू झालाय, तो मीच मागितला.

पण त्या दिवशी पाचवी जी वर आली... तिचं 'खाली' अजून कोणी लिहिलेलं नाही.