विहीणबाई सगळ्यांना विचारतात

देवाने जग निर्माण करायच्या आधी माझ्या विहीणबाईंचा सल्ला घेतला असता, तर जग अजून तयार झालं नसतं, पण जेव्हा केव्हा झालं असतं तेव्हा त्यात कुणाची तक्रार उरली नसती. कारण विहीणबाईंनी आधी सगळ्यांना विचारलं असतं. मुंग्यांनासुद्धा. "तुमचं काय म्हणणं?" हे त्यांचं वाक्य. आमटीत गूळ किती घालायचा हे त्या दारावर आलेल्या पोस्टमनला चमचाभर आमटी चाखवून विचारत. घराला रंग काढायचा ठरला तेव्हा आधी समोरच्या बिऱ्हाडांना विचारून आल्या, कारण भिंत आपली असली तरी दिवसभर बघायची त्यांना. एकांनी पिस्ता सांगितला, दुसऱ्यांनी लिंबू सांगितला, आणि विहीणबाईंनी एक भिंत पिस्ता नि एक लिंबू करून दोघांचा मान ठेवला. त्यांचे यजमान बिचारे घरात शिरताना डोळे बारीक करायचे. त्यांनाही विचारलं होतं, पण ते अल्पमतात गेले.

माझ्या नीलाला बघायला ही मंडळी कोपरहून आमच्याकडे ठाण्याला, टेंभी नाक्यावर आली, तेव्हा मी चार दिवस आधीपासून नीलाकडून शिवण, भरतकाम, गाणं, सगळं घोटून घेतलं होतं. विहीणबाईंनी पोहे खाल्ले आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमच्या गल्लीतलं गटार कुठे तुंबतं गं?" नीला गांगरली, पण तिने बरोबर जागा सांगितली. मग विहीणबाई तिला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, आमचा मुलगा तुला कसा वाटला ते मोकळेपणी सांग, बाहेर सांगायला लाजशील. लग्नात तर कहरच. वरमाय म्हणजे रुसायची, अडून बसायची, आणि आम्ही तिची मनधरणी करायची, ही रीत. माझे दीर हात जोडून तयारच होते. पण विहिणीच्या पंगतीत पाटाला महिरप काढून ठेवलेली, उदबत्ती जळतेय, आणि पाट रिकामा. शोधाशोध केली तर बाई आचाऱ्याजवळ उभ्या. पहिल्या पंगतीतल्या सगळ्यांना विचारून आल्या होत्या आणि त्याला सांगत होत्या, मठ्ठ्याला मीठ कमी आहे असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, दुसऱ्या पंगतीला सुधारून घ्या. आचारी रुसला. त्याची मनधरणी शेवटी आम्हालाच करावी लागली.

मलाही त्या विचारत. प्रत्येक भेटीत, प्रत्येक गोष्टीबद्दल. माझं उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं." नीलाचे वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर घरातलं काय ते दीर ठरवत, आणि वाईट नाही हो, चांगलंच ठरवत. पण मला कुणी विचारीनासं झालं, आणि मग मला सांगायची सवय राहिली नाही. चौथीनंतर शाळा सुटलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं, तेव्हा आपलं म्हणणं ते काय असणार असंही वाटे. विहीणबाई मान हलवत. "हे काही उत्तर नव्हे, विहीणबाई. मी परत विचारीन."

आता त्यांच्या घराचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या घरावरच आलं. कोपरला स्टेशनापासून खाडीच्या अंगाला, बैठ्या चाळीतलं, जमिनीलगतचं घर. चाळीमागे खाजण. म्हणजे भरतीचं पाणी पसरायला असलेली सखल, चिखलाची जमीन. त्यात तिवरं आणि बगळे. तोवर चहूबाजूंनी भराव पडत चालले होते आणि पाणी दर पावसाळ्यात एकेक पायरी वर येत होतं. अशात ऐंशीचं दशक संपता संपता एक साहेब आले. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीकाठाचा आराखडा करायचा होता. पाणी, ऊन, झाडं, या सगळ्याचं पुढच्या काळात काय होणार आणि आपण काय करायचं. त्यासाठी म्हणे लोकांचं म्हणणं हवं होतं. विहीणबाईंना हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच समजा. आयुष्यभर एकटीने जे केलं, ते सरकार करायला निघालं होतं.

पण शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली तिला बोलायला पुरुषच पुरुष. सगळे एका सुरात म्हणाले, खाजण भरून टाका, वर मैदान करा, रस्ता उंच करा. चाळीतल्या बायका मागच्या बाकावर बसून गप्प परत आल्या. खाजण भरलं की चाळीतलं पाणी जायचं कुठे, हे कुणी बोललंच नाही. आणि त्या चाळीत माझी नीला, तिचं वर्षाच्या आतलं बाळ. विहीणबाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बायका सभेत बोलत नाहीत, म्हणाल्या, त्यांना बोलायला त्यांची जागा लागते. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे, तुम्ही या.

साहेब आले. मोजे घातलेले पाय आखडून जाजमाच्या कोपऱ्यात बसले. कुणीतरी सवयीने त्यांच्यावरही गुलाबपाणी शिंपडलं, हाताला अत्तर लावलं, आणि ओटीतली बोरं त्यांच्या रुमालात टाकली. वाण म्हणून विहीणबाईंनी तुरटीचे खडे लुटले, गढूळ पाण्यासाठी. स्टीलच्या वाटीच्या आशेने आलेल्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी बोरन्हाणासाठी म्हणून आलेली, ती आत स्वयंपाकघरात तिळगूळ ताटात लावत बसले होते. हळदीकुंकवाला माझी जागा आतच, हे मला कुणी सांगायला नको होतं.

बाहेर विहीणबाईंनी नियम केला: उखाणा घ्यायचा आणि लगेच आपलं म्हणणं सांगायचं. उखाण्याच्या भरात बायका अशा सुटल्या की साहेबांना लिहिता पुरेना. मग सगळं बरोबर घेतलंय ना म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "सदाशिवराव, मोरीचं भोक बंद करता येईल असं झाकण हवं. मुरलीधरराव, स्वयंपाकाचा ओटा उंच करून हवा. दत्तात्रयराव, रॉकेलची रांग पाणी भरलेल्या दिवशी चाळीतच लावा." बिचाऱ्यांनी उखाण्यात जी नावं ऐकली तीच लिहिली होती. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मुरलीधररावांची बायको म्हणाली, "आमच्या ह्यांना शेगडी कुठे ठेवलीय ते माहीत नाही, आणि ते ओटा मागतायत होय?" साहेबही हसले. विहीणबाई मात्र हसता हसता थांबल्या.

"खोडा ते, साहेब," त्या म्हणाल्या. "पाण्यात उभ्या राहिल्या या, आणि म्हणणं नवऱ्यांच्या नावावर लागणार. आता प्रत्येकीने आपापलं नाव सांगायचं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आणि नाव आपापलं सांगायचं, तर यात कुंकवाचा काय संबंध राहिला?" मी मान वर केली तर त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "विहीणबाई, बाहेर या." मी ताटाकडे बघितलं. बाहेर एक वयस्क शेजारीण हळूच म्हणाली, अहो, पण आजच्या दिवशी... विहीणबाईंनी वळून तिला इतकंच विचारलं, "पाणी घरात शिरताना बघतं का, कुंकू कोणाला आहे ते?"

मी गेले. तिळाचे हात पदराला पुसत गेले. माझ्यामागे दारातून अजून एक बाई आत आली, कोळीवाड्यातली, मासळी विकणारी भागीबाय. तीही माझ्यासारखीच, नवरा गेलेली. ती इतका वेळ टोपली घेऊन बाहेर पायरीवरच बसून सगळं ऐकत होती. साहेबांनी नाव विचारलं आणि माझं स्वतःचं नाव तोंडातून यायला जरा वेळ लागला, कारण कित्येक वर्षांत मी नीलाची आई, नाहीतर वहिनी, नाहीतर विहीणबाई. विहीणबाईंनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" आणि मला श्रावणातली ती दुपार आठवली.

बाळंतीण पोचवायला आले होते. विहीणबाई विठ्ठलवाडीला बहिणीकडे गेलेल्या, जावई कामावर. बाहेर पाऊस होता, पण रस्ता दिसत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. आणि पाणी आलं ते दारातून नाही, मोरीतून. मागून, गुपचूप. बघता बघता पोटऱ्यांना लागलं. पलंगावर टेबल चढवलं, टेबलावर बाळ, आणि आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धरून उभ्या, ओहोटी लागेपर्यंत. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. मग म्हटलं, "खाजण भरू नका. पाण्याची ती जागा आहे. ती घेतलीत तर ते आमच्या मोरीत येणार. आणि दुसरं, उधाण आणि मोठा पाऊस एका वेळी येणार असले तर कोळीवाड्यात आधी कळतं. त्यांनी देवळाची घंटा वाजवावी. दिवसा चाळीत आम्ही बायकाच असतो, तेवढ्यात बाळं उचलून होतील."

मग भागीबाय म्हणाली, "वाजवू की. पन मंग दुपारची झोप मोडली म्हनून आमच्या नावानं बोंबलायचं नाय." सगळ्या हसल्या, आणि विहीणबाईंनी भागीबायला तिळगूळ दिला, मला दिला, आणि तुरटीचा खडा दोघींच्या हातावर ठेवला.

आराखड्याचं पुढे काय काय झालं ते मला सांगता येणार नाही. कागद फार लांब जातात. खाजण अर्धं राहिलं आणि अर्धं पुढे भरलं गेलं. पण घंटेला कुणाची मंजुरी लागत नव्हती. पुढच्या पावसाळ्यापासून ती वाजू लागली, आणि नीला सांगायची, घंटा झाली की सगळी चाळ मोरीच्या भोकात बोळे कोंबून बाळं, तांदूळ, रेडिओ वर चढवते. विहीणबाई दर खेपेला घरोघर जाऊन विचारून यायच्या, आज घंटा वेळेवर होती का, तुमचं काय म्हणणं. दरवर्षीच्या हळदीकुंकवाला मला बाहेरच्या जाजमावर जागा असायची. पहिल्या वर्षी दोघीतिघी आल्या नाहीत. विहीणबाई त्यांच्याकडेही जाऊन विचारून आल्या, आणि पुढच्या वर्षी त्या आल्या.

पुढे जावयाने कल्याणला तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. आईला आता पाण्याची दगदग नको म्हणाला, आणि खरंच होतं ते. मी भेटायला जायची तेव्हा विहीणबाई खिडकीशी बसलेल्या असत. शेजारची दारं बंद. पोस्टमन खालीच पेट्यांत पत्रं टाकून जाई. हळूहळू त्यांचं विचारणं कमी होत गेलं. एकदा मी गेले, आम्ही चहा घेतला, आणि त्यांनी मला काहीच विचारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईंनी पोस्टमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना विचारलं, पण त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी बशी खाली ठेवली. म्हटलं, "विहीणबाई, तुमचं काय म्हणणं?"

त्या खिडकीकडून माझ्याकडे वळल्या, जणू हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. मग म्हणाल्या, "मुलाला सांगू नका हं, त्याने हौसेने घेतलंय. पण खालच्या घरात पाणी यायचं ना, तशी माणसंही यायची."

त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत बसले. निघताना वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकेक दार वाजवत गेले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तुम्हाला चहाला बोलावतायत, त्यांना तुम्हाला काही विचारायचंय, असं सांगत गेले.